‘निळं हुतं की!’ : सीएनसी प्रोग्रॅमच्या फायलींना रंगीत आयकॉन बसवल्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका गाळ्याच्या माडीवर आमचं ऑफिस आहे. वर पाच माणसं आणि चार कॉम्प्युटर, खाली तीन मशिनी. शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून कास्टिंग निघतं, कुठल्या तरी छोट्या वर्कशॉपमध्ये त्याचं मशिनिंग होतं, आणि त्या सीएनसी (कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणाऱ्या) मशिनीला लागणारा प्रोग्रॅम लिहून द्यायचा, ही आमची भाकरी. थोडं जॉबवर्क स्वतःही करतो. खालच्या तीनपैकी दोन व्हीएमसी (फिरत्या हत्यारानं कापणाऱ्या मशिनी) आहेत, दोन्हींवर फॅनुक कंपनीचा कंट्रोल, म्हणजे मशीन चालवणारा कॉम्प्युटर. तिसरं टर्निंग सेंटर, जिथं पार्टच गोल फिरतो, त्यावर सिमेन्स. एका गिऱ्हाइकाकडं हायडेनहाइन आहे, त्याचे प्रोग्रॅमही आम्हीच करतो.

नावं देत नाही. ऑफिसात ज्या हाका मारतात त्याच इथं ठेवल्यात. आण्णा म्हणजे मालक. ताई आणि मी प्रोग्रॅमर. दादा रात्रपाळीचे प्रोग्रॅम बघतो. पोरगा आयटीआय करून नुकता लागलेला. आणि खाली मशिनीवर मामा, ज्यांनी हँडव्हील फिरवत निम्मं आयुष्य काढलंय.

आता फायली. फॅनुकचा प्रोग्रॅम म्हणजे साधा मजकूर. पहिल्या ओळीला टक्क्याचं चिन्ह, दुसऱ्या ओळीला ‘ओ’ आणि पुढं चार आकडे, शेवटी परत टक्का. मशिनीवरून काढलेली फाइल कित्येकदा नुसती ‘ओ१०४२’ अशा नावाची असते. मागं एक्स्टेन्शन नाही. (एक्स्टेन्शन म्हणजे नावामागं टिंबानंतर येणारी अक्षरं. आमच्याकडं त्याला ‘शेपूट’ म्हणतात, पुढं तेच म्हणतो.) कुणी पाठवताना त्याला .एनसी लावतो, कुणी .टीएक्सटी, कारण व्हॉट्सॲपवरून आलेली बिनशेपटाची फाइल मोबाइलवर उघडत नाही. सिमेन्सचं त्या मानानं शिस्तीत: मुख्य प्रोग्रॅमला .एमपीएफ, सबप्रोग्रॅमला (मुख्यानं मध्येच बोलवायचा छोटा प्रोग्रॅम) .एसपीएफ. हायडेनहाइनला .एच.

यात भर पडली २०१९ च्या महापुराची. तेव्हा ऑफिस शाहूपुरीत होतं. पाणी शिरायच्या आदल्या रात्री जो पेनड्राइव्ह हाताला लागला त्यात जे कॉपी होईल ते केलं. नंतर ते सगळं एकाच फोल्डरमध्ये ओतलं. निवांत लावू म्हणून ठेवलं ते तसंच राहिलं. ‘जुनं’, ‘जुनं २’, ‘ताईचा पेनड्राइव्ह’ असे फोल्डर अजून आहेत, आणि त्यातले काही प्रोग्रॅम आजही चालतात, म्हणून कुणी हात लावत नाही.

अडचण

एडिटर म्हणून आम्ही व्हीएस कोड वापरतो. फुकट आहे, दोन फायली शेजारी लावून फरक दाखवतो, आणि शोधा-बदला चांगलं आहे. डाव्या बाजूला फायलींची यादी. त्या यादीत आमच्या निम्म्याहून जास्त फायलींसमोर एकच आयकॉन असायचा: काही न ओळखल्याचा, कोरा. आणि गंमत म्हणजे हायडेनहाइनच्या .एच फायलींसमोर सी भाषेच्या हेडर फाइलचा आयकॉन, कारण ते शेपूट जगभरात सी वाल्यांचं. आमच्या कास्टिंगचा प्रोग्रॅम तिथं संगणकशास्त्राचा विद्यार्थी होऊन बसलेला.

हे दिसायला वाईट होतं, पण त्यामुळं कुणाचं अडलं नव्हतं. अडलं एका शनिवारी दुपारी. टर्निंग सेंटरला पाठवायचा सिमेन्सचा प्रोग्रॅम आणि त्याच पार्टचा व्हीएमसीचा फॅनुक प्रोग्रॅम, दोन्हींच्या नावात पार्ट नंबर तोच. घाईत पोरग्यानं दुसरा पाठवला. मशिनीनं उघडल्या उघडल्या अलार्म दिला. नुकसान काही नाही, पण मामा जिना चढून वर आले, आणि मामा जिना चढून वर येणं हीच ऑफिसातली मोठी घटना असते.

"कुठल्या मशिनीचं हाय हे बघून तरी पाठवत जावा की रं."

आण्णांनी मला सांगितलं, यादीत बघताक्षणी कळेल असं काहीतरी कर. रंग दे, काय पण कर. त्या महिन्यात असं तिसऱ्यांदा झालं होतं.

समोर असलेले पर्याय

पहिला आणि सगळ्यात प्रामाणिक पर्याय: सगळ्या फायलींची नावं नीट करणे. ताई याच मताची होती आणि तत्त्वतः ती बरोबर होती. पण प्रोग्रॅम नंबर मशिनीला लागतो, तो बदलला की सबप्रोग्रॅमची हाक चुकते. ‘एम ९८ पी १०४३’, म्हणजे १०४३ नंबरचा सबप्रोग्रॅम बोलाव, असं आत लिहिलेलं असतं. बाहेर नाव बदललं आणि आत राहिलं, तर मशीन १०४३ शोधत बसणार. हजारो फायली उघडून तपासायला माणूस कुठला? तो पर्याय बाजूला पडला. टाकून दिला नव्हता, तरी आता वाटतं की फार लवकर बाजूला ठेवला.

दुसरा: सीएनसीसाठीचे खास एडिटर विकत मिळतात. त्यांना कंट्रोल ओळखता येतात. चार कॉम्प्युटरचा खर्च ऐकून आण्णांनी विषय मिसळीवर नेला.

तिसरा: व्हीएस कोडला तयार आयकॉन थीम मिळतात, त्यातली लोकप्रिय मटेरियल आयकॉन थीम घ्यायची आणि सेटिंगमध्ये सांगायचं की .एमपीएफला अमुक आयकॉन दाखव, .एच ला तमुक. दहा मिनिटांचं काम. पण त्या थीममधले शेकडो आयकॉन प्रोग्रॅमर लोकांचे आहेत. सिमेन्सला काय लावणार, हत्ती की कॉफीचा कप? स्वतःचं चित्र देण्याची सोय त्यात आहे, पण ते चित्र प्रत्येक कॉम्प्युटरवर थीमच्या फोल्डरजवळ नेऊन ठेवावं लागतं.

चौथा: स्वतःची थीम करायची. हे ऐकायला मोठं वाटतं, पण थीम म्हणजे एक छोटी जेसन (साध्या मजकुराची) फाइल असते. त्यात एका भागात आयकॉनची यादी, म्हणजे कुठल्या नावाला कुठलं एसव्हीजी (रेषांनी काढलेलं) चित्र. दुसऱ्या भागात नियम, म्हणजे या शेपटाला हा आयकॉन, या नावाच्या फाइलला तो, या नावाच्या फोल्डरला तिसरा. अडचण एकच. व्हीएस कोडमध्ये एका वेळी एकच फाइल आयकॉन थीम चालते, दोन एकावर एक चढवता येत नाहीत. स्वतःची लावली की पीडीएफ, एक्सेल, चित्रं यांचे आयतं मिळणारे आयकॉन गेले.

इथं आमचा पहिला खरा निर्णय झाला, आणि तो मी अजूनही बरोबर मानतो. मी म्हणालो, जाऊ देत की. आपल्याला यादीत पीडीएफ ओळखायची नाहीच. जे ओळखायला पाहिजे तेवढंच रंगीत, बाकी सगळं राखाडी. तयार थीममध्ये सगळंच रंगीत असतं, त्यामुळं नजर कशावरच थांबत नाही. अंबाबाईच्या देवळात दसऱ्याला सगळीकडंच रोषणाई असते, तेव्हा दरवाजा कुठला हे शोधावं लागतं, तसं.

काय केलं

सुरुवात पोरग्यानं केली आणि चुकीची केली. त्यानं घरून येताना एक छान थीम शोधून बसवली, आणि यादी जशीच्या तशी. बसवलेली निघाली प्रॉडक्ट आयकॉन थीम. ती एडिटरच्या स्वतःच्या बटणांची चित्रं बदलते, म्हणजे शोधायचं भिंग, सेटिंगचं चाक वगैरे. फायलींसाठी असते ती फाइल आयकॉन थीम. नावं इतकी जवळची आहेत की त्याला दोष देत नाही, सेटिंग शोधताना मीही एकदा तिथंच घुसलो होतो.

मग चित्रं. ताईचा हात चांगला आहे. तिनं टर्निंगसाठी पार्ट पकडणारा तीन जबड्यांचा चक काढला, व्हीएमसीसाठी हत्यार फिरवणारा स्पिंडल, हायडेनहाइनसाठी मोठी स्क्रीन. इंकस्केपमध्ये (चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) काढलेलं मोठ्या आकारात बघितलं तर कॅटलॉगमध्ये छापावं असं. यादीत आयकॉन १६ पिक्सेलला दिसतो. तिथं चक बघून मामा म्हणाले, "हे काय काढलंयस गं ताई, वडा?"

वडाच होता. मध्ये भोक आणि कडा खडबडीत.

चित्रं सोडून दिली आणि अक्षरांवर आलो. फॅनुकला ‘फ’, सिमेन्सला ‘स’, हायडेनहाइनला ‘ह’. १६ पिक्सेलमध्ये देवनागरी अक्षर बसवणं हा वेगळाच धडा आहे. शिरोरेषा ठेवली तर अक्षराला उरते तेरा-चौदा पिक्सेलची उंची, आणि रेघ स्वतःच ठळक दिसून अक्षर खाली लोंबतं. शिरोरेषा काढली तर ‘फ’ आणि ‘प’ यात फरक राहतो तो एका शेपटाचा, तोही पुसट. शेवटी ताईनं शिरोरेषा चौकटीच्या वरच्या कडेतच मिसळून टाकली. म्हणजे रंगीत चौकोन, आत पांढरं अक्षर, आणि चौकोनाची वरची कड हीच शिरोरेषा. ही कल्पना तिची. एवढं सुचलं तेव्हा साडेसात वाजले होते, पण ती घरी गेली ती हसतच.

एक गोष्ट इथं सांगितलीच पाहिजे, कारण दोन तास गेले. ताईच्या कॉम्प्युटरवर अक्षर सुंदर, माझ्यावर भलत्याच वळणाचं. एसव्हीजीत अक्षर मजकूर म्हणून राहिलं होतं, त्यामुळं प्रत्येक कॉम्प्युटर आपापल्या फॉन्टनं ते काढत होता. इंकस्केपमध्ये अक्षर निवडून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ केलं की ते अक्षर राहत नाही, रेषांचा आकार होतो, आणि सगळीकडं सारखं दिसतं.

मुख्य प्रोग्रॅम आणि सबप्रोग्रॅम वेगळे दिसावेत म्हणून आकार वापरला. मुख्य पूर्ण चौकोन. सब म्हणजे उजवा खालचा कोपरा कापलेला. रंग कंट्रोल सांगणार, आकार भूमिका सांगणार. हे वेगळं ठेवणं पुढं फार उपयोगी पडलं. सिमेन्सला शेपटावरूनच कळतं. फॅनुकच्या मुख्य आणि सबला नावावरून कळायची सोय नाही, तो भेद आम्ही सोडून दिला.

बिनशेपटाच्या फायली

इथं गाडी रुतली. थीमच्या नियमांत शेपूट सांगता येतं, अख्खं नाव सांगता येतं, पण ‘ओ आणि पुढं चार आकडे’ असा साचा सांगता येत नाही. ओ०००१ पासून ओ९९९९ पर्यंत सगळी नावं लिहून टाकू, असं पोरगा म्हणाला, आणि एक मिनिट मीही विचार केला.

मग वाटलं, भाषा ठरवून घेऊ. व्हीएस कोडमध्ये आपली भाषा जाहीर करता येते आणि थीममध्ये भाषेला आयकॉन देता येतो. भाषा ओळखायला पहिल्या ओळीचा साचाही देता येतो. आमची पहिली ओळ तर ठरलेली, टक्का! लिहिलं, बसवलं, यादी कोरीच. कागदपत्रं नीट वाचली तेव्हा स्पष्ट लिहिलेलं सापडलं की आयकॉन ठरवताना पहिली ओळ बघितली जात नाही. विचार केला तर बरोबरच आहे. नुसती यादी दाखवायला हजार फायली उघडून बघायच्या म्हटल्यावर एडिटर दुपारपर्यंत उठणार नाही.

मार्ग निघाला तो साध्या सेटिंगमधून. ‘फाइल्स असोसिएशन्स’ या सेटिंगमध्ये नावाचा साचा चालतो: ओ, पुढं चौकटी कंसात शून्य ते नऊ, असं चार वेळा, आणि .टीएक्सटी वाल्यांसाठी तोच साचा शेपूट लावून. या साच्याच्या फायली ‘फॅनुक’ भाषेच्या, असं तिथं सांगितलं, आणि थीममध्ये फॅनुक भाषेला निळा ‘फ’. यादी एकदम भरून आली. पोरग्यानं टाळी वाजवली.

.टीएक्सटी वाल्यांसाठी एक खुबी लागली. थीममध्ये शेपटाचा नियम भाषेच्या नियमाच्या वर असतो. म्हणजे .टीएक्सटीला एखादा आयकॉन दिला, तर ‘ओ१०४२.टीएक्सटी’ला तोच मिळणार, भाषा काहीही असो. म्हणून आमच्या थीममध्ये .टीएक्सटीचा नियमच लिहिला नाही. साच्यात बसलं तर निळा ‘फ’, नाही बसलं तर राखाडी कोरा. कधी कधी न लिहिलेला नियमच काम करतो.

हे सगळं एका व्हीएसआयएक्स (व्हीएस कोडमध्ये थेट बसवता येणाऱ्या) फाइलमध्ये बांधून चारही कॉम्प्युटरवर बसवलं. असोसिएशनचं सेटिंग सामायिक फोल्डरच्याच आत ठेवलं, म्हणजे जो फोल्डर उघडेल त्याला ते आपोआप लागू.

रंगांवरून झालेला वाद

वर मी सहज ‘निळा’ म्हणालो. तो पहिला रंग नव्हता.

पहिल्या आवृत्तीत फॅनुक पिवळा होता, कारण फॅनुक म्हटलं की आमच्या डोळ्यासमोर पिवळाच येतो. हायडेनहाइन हिरवा. आणि सबप्रोग्रॅमला लाल कड, कारण ते एकटे चालवायचे नसतात, सावध राहा असा अर्थ. मला फार शहाणपणाचं वाटलं होतं. खाली मशिनीशेजारी एक लॅपटॉप असतो, त्यावरही थीम बसवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा वर.

"ते लाल कशापायी? रिजेक्ट झालंय काय ते?"

मशीनशॉपमध्ये कोणी उभं राहिलं असेल त्याला हे लगेच कळेल. खाली तीन क्रेट असतात. लाल क्रेटमध्ये रिजेक्शन, पिवळ्यात रिवर्क, हिरव्यात ओके. मामा दिवसभर या तीन रंगांत जगतात. त्यांच्या दृष्टीनं आमच्या यादीत निम्मा माल रिवर्कला पडला होता, हायडेनहाइन तेवढं पास झालेलं, आणि सगळे सबप्रोग्रॅम भंगारात.

मी आधी थोडा वाद घातला. एडिटर आमचा, क्रेट तुमचे, असं. आण्णांनी एका वाक्यात निकाल लावला: "प्रोग्रॅम शेवटी कोण चालवतंय?"

त्यानंतर आम्ही लाल, पिवळा, हिरवा हे तिन्ही रंग वर्ज्य केले. फॅनुक निळा, सिमेन्स जांभळा, हायडेनहाइन चॉकलेटी. चॉकलेटी रंग काळ्या पार्श्वभूमीवर विझून जातो, आणि वर ऑफिसात सगळे काळी थीमच वापरतात. खाली लॅपटॉपवर उजेड पडतो म्हणून तिथं पांढरी. सुदैवानं आयकॉन थीममध्ये पांढऱ्या रंगसंगतीसाठी वेगळी चित्रं द्यायचा भाग असतो. तिथं गडद चॉकलेटी दिला, काळ्यासाठी फिकट, साधारण गुळाच्या ढेपेचा रंग म्हणा. शाहूपुरीत गुळाची बाजारपेठ बघत मोठी झालेली ताई म्हणाली, चांगल्या गुळाचा. मला फरक कळला नाही.

दादाचं टर्मिनल

दादा व्हीएस कोड वापरत नाही. तो काळ्या टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या खिडकीत, नियोव्हिम हा एडिटर वापरतो आणि माउसला हात लावत नाही. त्याला म्हटलं, तुझंही करून घे.

टर्मिनलमध्ये यादीसमोर सहसा चित्र नसतं, तिथं आयकॉन म्हणजे फॉन्टमधलं एक अक्षरच असतं. नर्ड फॉन्ट्स म्हणून प्रकल्प आहे, तो नेहमीच्या कोडिंग फॉन्टमध्ये हजारो चिन्हं युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) खाजगी वापराच्या जागेत घालून देतो. नियोव्हिमचं प्लगिन फाइलचं शेपूट बघतं, त्या जागेतलं अक्षर काढतं आणि रंग देतं. दादाच्या यादीत मात्र काही फायलींसमोर चिनी अक्षरं उमटली होती आणि तो त्याला सवयीनं ओळखायला शिकला होता. कारण असं: नर्ड फॉन्ट्सच्या जुन्या आवृत्त्यांत एका आयकॉन संचाला दिलेले क्रमांक खाजगी जागेची हद्द ओलांडून पुढं चिनी अक्षरांच्या जागेत घुसले होते. २०२३ च्या तिसऱ्या आवृत्तीत ते क्रमांक काढून टाकले आणि संच दुसरीकडं हलवला. दादाचा फॉन्ट नवा, प्लगिन जुनं. प्लगिन जुना क्रमांक मागणार, फॉन्टमध्ये ते चिन्ह नाही, मग सिस्टीम त्या क्रमांकाचं खरं अक्षर दुसऱ्या फॉन्टमधून आणून दाखवणार. प्लगिन अपडेट केलं, चिनी गेलं.

देवनागरी ‘फ’ तिथं घेतलाच नाही. टर्मिनलच्या एका घरात देवनागरी नीट बसत नाही, हे मराठी फाइलनाव तिथं बघितलेल्या कुणालाही ठाऊक आहे. दादानं साधा भरीव चौकोन आणि कापलेला चौकोन घेतला, रंग आमचेच. आमच्यापेक्षा त्याचं एका बाबतीत बरं झालं. त्यानं साच्याचं काम थेट कॉन्फिगमध्ये चार ओळींत केलं.

परिणाम

चुकीच्या कंट्रोलचा प्रोग्रॅम पाठवणं जवळजवळ थांबलं. यादी बघून पोरगा आता विचारायला येत नाही. ताईला महापुराच्या फोल्डरमधून सिमेन्सचे जुने सबप्रोग्रॅम वेचता आले, कारण जांभळे कापलेले कोपरे नजरेला आपोआप लागतात. एवढं यश सांगून लेख संपवता आला असता.

दोन महिन्यांनी खाली एक नंबरच्या व्हीएमसीचा प्रोग्रॅम दोन नंबरवर गेला. दोन्ही फॅनुक. मशीन काहीच बोललं नाही, कारण तिच्या दृष्टीनं प्रोग्रॅम बरोबरच होता. त्यात ‘टी ५’, म्हणजे पाच नंबरचं हत्यार, बोलावलेलं. एक नंबरच्या मॅगझिनमध्ये (हत्यारं ठेवायच्या घरांत) पाच नंबरला ड्रिल आहे, दोन नंबरवर त्याच घरात फेसमिल, म्हणजे पृष्ठभाग सपाट करणारं रुंद कटर. मामा पहिला पीस नेहमी सिंगल ब्लॉकवर, म्हणजे एकेका ओळीला थांबत, रॅपिड (न कापता सरकायचा वेग) कमी करून चालवतात. ड्रिलच्या जागी फेसमिल फिरून आलेलं बघितलं आणि फीडहोल्ड (हालचाल थांबवायचं बटण) दाबला. कास्टिंगला ओरखडाही नाही.

पोरगा उभा होता तिथंच. आण्णांनी विचारलं, बघितलं न्हाईस का?

"बघितलं की आण्णा. निळं हुतं की!"

त्या वाक्यावर मी बराच काळ अडकून राहिलो. पूर्वी तो फाइल उघडून वरच्या दोन ओळी वाचायचा, कारण यादीवर विश्वास ठेवता येत नव्हता. आम्ही यादीवर विश्वास ठेवायला शिकवलं, आणि त्यानं उघडून बघणं सोडलं. शिवाय हिशेब नीट मांडला तर आम्ही सोडवली होती ती स्वस्त चूक. फॅनुकचा प्रोग्रॅम सिमेन्सवर गेला तर अलार्म येतो, अर्धा तास जातो, मामा जिना चढतात. महाग चूक म्हणजे जी मशीन मुकाट्यानं गिळते, आणि तिला आमचा आयकॉन निळाच दाखवत होता. फाइलच्या नावात नसलेली गोष्ट आयकॉन कुठून आणणार?

त्यानंतर दोन कामं केली. सामायिक फोल्डरमध्ये मशिनीप्रमाणं फोल्डर पाडले आणि थीममध्ये त्या फोल्डरांना क्रमांकाचे आयकॉन दिले, ‘१’ आणि ‘२’. दुसरं काम आयकॉनशी संबंधित नाही, पण सगळ्यात उपयोगी ठरलं: प्रोग्रॅम नंबरच्या ओळीवरच कंसात मशीन आणि रिव्हिजन लिहायचं. फॅनुकमध्ये कंसातला मजकूर शेरा मानला जातो आणि कंट्रोलच्या प्रोग्रॅम यादीत नंबरसमोर दिसतो. म्हणजे मामाला लॅपटॉपकडं न बघता मशिनीच्या स्क्रीनवरच कळतं.

पुन्हा करायचं झालं तर

एडिटर उघडायच्या आधी एक कागद घेऊन खाली जाईन. मागच्या सहा महिन्यांत काय काय चुकीचं पाठवलं गेलं ते मामाला विचारून लिहीन, आणि प्रत्येकापुढं मशिनीनं ओरडून सांगितलं की गप राहिली हे मांडीन. मी उलट केलं. एडिटरला काय ओळखता येतं तिथून सुरुवात केली. शेपूट ओळखता येतं म्हणून शेपटाला रंग दिला. आमचा प्रश्न शेपटाचा नव्हता, मशिनीचा होता, हे त्या कागदावर पहिल्या दिवशीच दिसलं असतं.

रंग ठरवतानाही तसंच. क्रेट तिथंच होते, रोज त्यांच्यावरून पाय टाकून जातो.

ताईचा नावं बदलण्याचा पर्याय अर्धा तरी घ्यायला हवा होता: जुन्याला हात न लावता, नव्या प्रत्येक फाइलला ठरलेलं शेपूट. आता घेतलाय. फॅनुकच्या नव्या फायली फक्त .एनसी. त्यामुळं साच्याच्या सेटिंगवरचा भार हळूहळू कमी होतोय.

आणि दादाला आधी विचारलं असतं तर शेपटावर न अडता साच्यावरून सुरुवात केली असती. तो मागच्या खोलीतच बसतो, फक्त रात्री.

एक गोष्ट अजून लोंबकळते आहे. एका गिऱ्हाइकाकडं नवीन टर्निंग सेंटर आलंय, फॅनुकचं. म्हणजे निळा ‘फ’ आता व्हीएमसीचाही आणि टर्निंगचाही. आकार भूमिकेला वापरून झालाय, रंग कंट्रोलला. ताई म्हणते टर्निंगला चौकोनाऐवजी गोल करू, पार्ट गोल फिरतो तर आयकॉनही गोल. तिनं काढून, १६ पिक्सेलला करून, मामाला दाखवला. मामांनी चष्मा पुसून बघितलं.

"ताई, ह्यो पण वडाच."